दोघींचा एकच गळा

माझी बहीन विनी आनि मी, आमच्यात दीड वर्षाचं अंतर. पन गळा एकच. पाचूबंदरात कुनाचंही लग्न असो, आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर पानी आनायला निघाल्या की पुढे आम्ही दोघी. एक ओळ ती म्हनायची, दुसरी मी. कोन गातंय ते आमच्या आईलाही कळायचं नाय.

मग विनीला बँकवाला नवरा मिळाला, विरारला फ्लॅट मिळाला. झालं, बाईसाहेबांच्या जिभेला इस्त्री बसली. "थेरेसा, पानी नाही गं, पाणी." मला शिकवते! जन्मभर माझ्याच कळशीतलं प्यायली, तेव्हा नाय अडकलं घशात. केस कापले, लिपस्टिक आली, आनि बोलनं कसं, तर तोंडात पेढा धरल्यासारखं.

मी तरी कुठली शहानी. चांगली गोल साडी नेसत होते, ती टाकून आईचं लाल लुगडं काढलं. आई कधी बोलली नसेल असलं गावठी बोलायला लागले, विनी आली की जरा जास्तच. ती गेली की माझा नवरा फेबियन म्हनायचा, "गेली ती. आता नीट बोल."

दोन हजार दोन साली माझ्या पोरीचं लग्न ठरलं. मला एकच हवं होतं, तिच्या लग्नाचं पानी आनायला जाताना आम्ही दोघींनी गायचं. दुसरं काय मागितलं नाय मी कुनाकडे. निरोप धाडला, विनी आली. उंच टाचांच्या सँडल घालून, विहिरीवर.

पहिली ओळ तिनं म्हटली. एकेक शब्द धुऊन पुसून, शाळेच्या गॅदरिंगात म्हनतात तसा. माझं डोकंच फिरलं. दुसरी ओळ मी मुद्दाम जाड्या आवाजात ओढली. बाया हसल्या. तिनं सूर आनखी वर नेला, मी आनखी खाली. शेवटी बँडवाल्यानं कंटाळून आपलंच गानं सुरू केलं, आनि सगळ्या बाया त्याच्या मागनं निघाल्या. माझी पोर पन गेली, मागे न बघता.

पोरीच्या ऑफिसातली एक मैत्रीन तेवढी आमच्याजवळ थांबली. तिनं मला विचारलं, "काकू, या तुमच्या कोण?"

राग होताच. म्हटलं, "पाहुनी हाय."

वाटलं, विनी आता भांडेल. भांडायलाच हवं होतं तिनं. तिनं पदर सारखा केला आनि त्या पोरीला म्हनाली, "हो. जरा लांबची."