तास तुटले

माझ्या अभ्यासिकेच्या दारात एक काळा फळा होता. आता तिथं नुसता खिळा आहे. मुलं येता-जाता त्याला छत्री अडकवतात आणि मी काही बोलत नाही. मी काही बोलत नाही, याचंच धायरीत सगळ्यांना नवल वाटतं.

कारण मी बोलणारा माणूस. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढली, खडकवासल्याहून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो आणि घराच्या तळमजल्यावर पंचवीस टेबलांची अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. बहुतेक आमच्याच तिकडची, वर्धा, वाशीम, यवतमाळची. दारावर माझ्या हातची पाटी आहे: 'चपला रांगेत ठेवाव्यात. रांग म्हणजे काय हे ठाऊक नसेल, त्यांनी सरकारी नोकरीचा नाद सोडावा.' चाळीस वर्षं पुण्यात राहिल्यावर एवढं तर येणारच.

फळ्यावर मी तास लिहायचो. येताना रजिस्टरात वेळ लिहायची, जाताना लिहायची, आणि महिनाअखेर ज्याचे तास जास्त त्याचं नाव खडूनं सगळ्यांच्या वर. एखादा दिवस कुणी आलं नाही की मुलं म्हणायची, "याचे तास तुटले." ही माझी पद्धत. मला तिचा भारी अभिमान होता.

आणि चौदा एप्रिल. आमच्यात बाबासाहेबांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यास करतात. मिरवणूक ज्याला हवी त्यानं काढावी, आम्ही वाचतो. सकाळी सहाला बसायचं, रात्री बाराला उठायचं. दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला चैताली पहिल्यांदा बसली. यवतमाळची पोरगी, वडील सूतगिरणीत कामाला, घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाराला सगळे डोळे चोळत उठले, ही मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, उद्यापण अशीच बसू?"

मला भरून आलं. मी म्हणालो, "बस की! बाबासाहेब काय वर्षातून एकच दिवस बसायचे?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

त्यानंतर पंधरा महिने फळ्यावर पहिलं नाव चैतालीचंच. तिचे केस विरळ झाले. डब्यातली पोळी चहात बुडवून उभ्या-उभ्या खायची. कुणी हाक मारली तर दचकायची. एकदा दुपारी तिच्या पुस्तकाचं एकशे बारावं पान उघडं दिसलं, आणि रात्री कुलूप लावायला गेलो तर तेच पान. मला वाटलं, पक्कं करतेय. अहो, आंधळ्यालाही कळलं असतं. मला दिसत होते फक्त तास. ती पूर्व परीक्षा पास झाली तेव्हा तर मी गल्लीभर पेढे वाटले. मुख्य परीक्षा चार महिन्यांवर होती.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी रजिस्टर तपासत होतो. चैतालीच्या नावापुढे आदल्या दिवसाची वेळ लिहिलेली होती, सकाळी सहा ते रात्री अकरा. पण अक्षर तिचं नव्हतं. तिच्या खोलीत राहणाऱ्या निशाचं होतं. पस्तीस वर्षं मस्टर तपासलेला माणूस मी, मला फसवता? भरल्या हॉलमध्ये मी निशाला उभी केली.

"खोटी नोंद? माझ्या रजिस्टरात?"

निशा रडायलाच लागली. "काका, ती परवा चक्कर येऊन पडली. ॲडमिट आहे. तिनंच सांगितलं, माझे तास लिही म्हणून."

दुसऱ्या कुणालाही कळवळा आला असता. मला आला राग. खरं ते सांगतो. स्कूटर काढली आणि सिंहगड रस्त्यावरच्या त्या दवाखान्यात तिला झापायलाच गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. अधिकारी व्हायला निघालीस आणि सुरुवातच खोट्यानं? आईबापानं हेच शिकवलं का?

ती कॉटवर पडली होती, हाताला सलाईन. मनगट इतकं बारीक झालं होतं की सिस्टरनं पट्टी तीनदा गुंडाळली होती. मला पाहून ती धडपडत उठायला लागली. बाकी काही नाही, पहिलं तिनं हेच विचारलं,

"काका, माझे तास तुटले का?"

मी तिला परत आडवं केलं. "नाही," मी म्हणालो. "नाही तुटले. तू झोप."

खोटं पकडायला गेलेला मी, खोटं बोलून बाहेर आलो.

डॉक्टरीणबाई बाहेरच भेटल्या. म्हणाल्या, "रक्त कमी आहे, ते भरून निघेल. पण ही मुलगी आतून संपत आलीय. रोज किती तास बसते?"

"सतरा. कधी अठरा."

हा आकडा मी फळ्यावर किती वेळा हौसेनं लिहिला असेल. तोंडानं पहिल्यांदाच उच्चारला, आणि मला स्वतःची लाज वाटली.

घरी बायकोला, प्रेमलाला, सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही ऑफिसात पाच वाजून पाच मिनिटांनी टेबल आवरायचात. पस्तीस वर्षं! साहेबानं थांबा म्हटलं तरी थांबला नाहीत. आणि लोकांच्या पोरीला अठरा तास?"

"अगं, बाबासाहेब..."

"त्यांचं नाव पुढं करू नका!" आता मात्र तिचे हात थांबले. "ते अठरा तास बसले, कारण त्यांच्यामागं अख्खा समाज उपाशी होता. आपल्या पोरींना पोटभर जेवून, रात्री झोपून शिकता यावं, याच्यासाठीच बसले ना ते?"

मी स्टूल घेतलं, खाली गेलो आणि फळा काढला.

चैतालीला प्रेमलानं आमच्याच घरी आणलं, वरच्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जायला सांगितलं. पहिले तीन आठवडे तिला वाचताच येईना. "अक्षरं दिसतात काका, आत जात नाहीत," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून रडायची. मुख्य परीक्षा तोंडावर, आणि पोरीला वर्तमानपत्रातली एक बातमी पुरी वाचवेना. हिचं वर्ष मी घालवलं, कदाचित हिचं डोकंही घालवलं, असं मी प्रेमलाला रोज रात्री म्हणायचो.

एका संध्याकाळी तिला स्कूटरवरून खडकवासल्याला नेलं. पाण्याकडे बघत मी सुरुवात केली, "धरणाचं कसं असतं, चैताली..."

"काका, उदाहरण नको."

मग आम्ही गुपचूप भाजलेली कणसं खाल्ली. परत येताना ती मागं बसून दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. मोठ्यानं, एकेक करून. धायरीजवळच्या नांदेड फाट्यापर्यंत तिनं एकही पाटी सोडली नाही. मी आरसा नीट करायच्या निमित्तानं डोळे पुसले.

सप्टेंबरअखेर ती पुन्हा तिच्या टेबलावर बसली. माझी अट एकच. दहाला यायचं, पाच वाजून पाच मिनिटांनी उठायचं. मध्ये जेवण, तेही घरात, ताटात.

"बाकीचे चौदा-चौदा तास बसतात, काका! मी मागं पडेन."

"पड. उचलायला मी आहे. मागच्या वेळी नव्हतो."

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग यवतमाळहून तिच्या वडिलांचा फोन आला. "खोब्रागडे साहेब, पोरीले थांबवू नका जी. लय आशा हाये आमाले."

"थांबवत नाही हो. जेवायला उठवतोय."

मग ते म्हणाले, "मंग बराबर हाये."

फळा गेला तशी सात मुलं रात्रभर चालणाऱ्या दुसऱ्या अभ्यासिकेत गेली. जाताना एक मुलगी म्हणाली, काका आता ढिले पडले. लागलं मला ते. पण फळा माळ्यावर टाकला होता, तो तिथंच राहू दिला.

डिसेंबरात परीक्षा झाली. वारज्याच्या केंद्रावर मीच सोडलं, मीच आणायला गेलो. पेपर कसा गेला, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "काका, प्रश्न वाचले की आत जात होते." मला तेवढंच पुरे होतं.

मार्चअखेर निकाल लागला. यादीत चैतालीचं नाव होतं, एकशे सत्तावन्नावं. फळ्यावर पहिल्या नंबराशिवाय काही चालत नसे या बाईला, तीच त्या दिवशी एकशे सत्तावन्नाव्या नावावर बोट ठेवून हसत होती. तिच्या वडिलांना फोन मीच लावून दिला.

यंदाच्या चौदा एप्रिलला आम्ही अठरा तास केलेच. पण अठरा जणांनी मिळून, प्रत्येकी एक तास. कल्पना प्रेमलाची. चैतालीच्या वाट्याला चार ते पाच आला. तो संपवून ती माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"मागच्या वर्षीचं रजिस्टर द्या, काका. ऑगस्टचं."

मी काढून दिलं. पानं उलटत ती निशाच्या अक्षरातल्या त्या ओळीवर थांबली. माझं लाल पेन घेतलं, ओळ खोडली आणि शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'दवाखान्यात. तास शून्य.' खाली सही केली, तारखेसकट.

"तुम्ही त्या दिवशी मला खोटं सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"बरं केलंत. तुटले म्हणाला असतात, तर सुई उपसून आले असते इथं. बसले असते. आणि मेले असते, काका."

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. वरून प्रेमलानं चहाला हाक मारली. चैतालीनं रजिस्टर मिटलं, आणि आम्ही दोघंही उठलो.