शुभामावशींचा चौथा डबा

उसना डबा रिकामा परत करू नये, हे अनीशला आईने पुण्यात असतानाच शिकवलं होतं. तो कशाने भरायचा हे शिकवायच्या आत त्याला मिनियापोलिसमध्ये नोकरी लागली. त्यामुळे शुभामावशींचा स्टीलचा डबा फेब्रुवारीपासून त्याच्याचकडे होता.

फेब्रुवारीत त्याला फ्लू झाला, तेव्हा मावशी शहराबाहेरच्या ईडन प्रेरीहून बर्फातून गाडी चालवत डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. लाडू फ्लूच्या आधी संपले. डबा राहिला. त्यात चार्जरच्या वायरी राहायला आल्या आणि मावशींचे फोन सुरू झाले.

"अनीश, माझा डबा?"

"आणतो, मावशी."

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

इथे अनीश खोटं बोलायचा, मावशी ते पकडायच्या आणि मग मनसोक्त झापायच्या. अख्ख्या अमेरिकेत त्याला इतक्या आपलेपणाने झापणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याची मॅनेजर फार चिडली की 'इंटरेस्टिंग' म्हणायची. डबा परत गेला की हे फोनही गेले, असं अनीश कधी स्वतःशीसुद्धा बोलला नव्हता. फक्त डबा परत द्यायला त्याला काही केल्या जमत नव्हतं.

मग जूनमधला तो शनिवार उजाडला. मावशी आणि गुरुनाथकाका कायमचे जॉर्जियातल्या अल्फारेटाला चालले होते. अनीशला तारीख माहीत होती. पण माहीत असलेली तारीख खरोखर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाराला ट्रक निघतोय," मावशी फोनवर म्हणाल्या. "डबा?"

"मी कुरिअर करतो ना, मावशी."

"कुरिअर? माझ्या आईचा डबा?" डब्यावर 'सौ. नंदा' असं नाव कोरलेलं होतं, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. "अरे, एकात एक बसणारे सात डबे आहेत ते. चौथा तुझ्याकडे. तो नाही म्हणून आतले तिघं नुसते खुळखुळतात. जॉर्जियापर्यंत मी तो खुळखुळाट ऐकत जाऊ?"

अनीशने वायरींना घराबाहेर काढलं, डबा घासला आणि शिरा करायला घेतला. त्याला तेवढंच येत होतं, आणि तेही येत नव्हतं. रवा जरा जास्तच भाजला गेला. शिरा डब्यात पडताक्षणी बसला. बांधकामात सिमेंट बसतं तसा.

डबा घेऊन तो खाली आला, तर रस्त्यावर नारंगी शंकू. कुठलीशी उन्हाळी सायकलफेरी होती आणि तिच्यासाठी मिसिसिपीकाठचा त्याचा रस्ता दुपारपर्यंत गाड्यांना बंद. शंकूंपाशी उभ्या असलेल्या आजोबांनी त्याची इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी अनीशनेच त्यांना धीर दिला.

राहिली सायकल. मागच्या उन्हाळ्यात त्याने मोठ्या हौसेने रोडबाइक घेतली होती आणि तिच्यावर तो नियमितपणे टॉवेल वाळत घालायचा.

"सायकलवरून येतोयस?" मावशी फोनवर किंचाळल्या. "मग काहीतरी भडक घाल. लांबून दिसलं पाहिजे. शपथ घे माझी."

भडक म्हणावं असं त्याच्याकडे एकच होतं. ऑफिसात आगीची ड्रिल झाली की सगळ्यांना जिन्याने खाली नेण्याचं काम त्याच्याकडे होतं, कारण ते काम वाटलं गेलं त्या मीटिंगला तो गैरहजर होता. त्या कामासाठी मिळालेलं पोपटी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट त्याने चढवलं. पाठीवर काय छापलंय हे तो साफ विसरला होता. पाठीवर इंग्रजीत, हातभर अक्षरांत, 'फॉलो मी' असं छापलं होतं.

डबा मागच्या कॅरिअरला बांधून तो निघाला. नदीवरून गार वारा येत होता. मिनेहाहाच्या धबधब्यापाशी वळून तो ओढ्याकाठच्या पार्कातल्या वाटेला लागला. झाडांखालून वाट अशी वळत होती की पाय आपोआप फिरत होते. वा, आपल्याला जमतंय की, असं त्याला वाटलं. मागून चाकांची छान सामुदायिक सरसर येत होती, तीही त्याला आपल्याच सायकलची वाटली.

एक डास नाकावर बसला. अनीशने हात वर केला. मागे करकचून ब्रेक लागले.

त्याने वळून पाहिलं. मागे शंभरेक सायकलस्वार एक पाय टेकवून उभे होते. चकचकीत हेल्मेटं, घट्ट कपडे, चेहऱ्यावर गाढ श्रद्धा. सायकलवाल्यांत पुढच्याने हात वर केला की थांबायचं असतं, हे अनीशला त्या क्षणी कळलं. डासालाही कळलं असावं. तो गेला.

"पुढे काही धोका आहे का?" सगळ्यात पुढच्या, पांढऱ्या वेणीच्या बाईंनी विचारलं. त्यांचं नाव इंग्रिड.

"नाही हो. मी तुमचा लीडर नाहीये. मी एक डबा परत द्यायला चाललोय."

इंग्रिडबाईंनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "किती नम्र माणूस आहे!" आणि ही बातमी कौतुकाने शेवटच्या सायकलीपर्यंत पोचली.

अनीशने वेग वाढवला. त्यांनी वाढवला. त्याने कमी केला, त्यांनीही केला. तळ्याकाठी डावीकडे फेरीच्या बाणांची पाटी होती. अनीश ईडन प्रेरीसाठी उजवीकडे वळला आणि बाणांकडे ढुंकूनही न बघता अख्खी मिरवणूक उजवीकडे वळली. एक कुत्र्याला फिरवणारा माणूस नुसता बघत उभा होता. थोड्या वेळाने तोही मागून येताना दिसला, कुत्र्यासकट.

पुढे वाटेवर कॅनडा गीझचं एक कुटुंब आडवं आलं. दिसायला हंस, स्वभावाने सोसायटीचे सेक्रेटरी. पिल्लं मधोमध बसली आणि बापाने मान लांब करून सगळ्यांकडे कागदपत्रं मागितल्यासारखं पाहिलं. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

"मग हाच आपला खाण्याचा थांबा का?" डेल नावाच्या लाल दाढीच्या माणसाने कॅरिअरवरच्या डब्याकडे बघत विचारलं.

आता इथे 'नाही' म्हणता आलं असतं. पण अनीशच्या घरी कुणी डब्याकडे बघितलं की एकच वाक्य तोंडातून निघायचं, आणि ते त्याच्या परवानगीशिवाय निघालं. "घ्या ना थोडं."

"छे छे, नको," डेल म्हणाला.

हुश्श. पण 'नको' आलं की पुढचं वाक्यही आपोआप यायचं. "अहो, घ्या हो, संकोच कसला!"

"नको, खरंच. तुमच्यासाठी असेल."

"असं कसं? घ्यायलाच पाहिजे!"

"बरं, तुम्ही म्हणताय तर," डेल म्हणाला.

अनीश मनातून कोसळला. आमच्याकडे तिसऱ्या आग्रहालाही नाहीच म्हणतात, हे त्याला डेलला सांगायचं होतं. पण तोवर डबा हातोहात मागे चालला होता. शिरा चमच्याला दाद देईना, म्हणून कुणीतरी टायर काढायच्या पट्टीने वड्या पाडल्या. "हा कुठला एनर्जी बार?" "भारतातला." "सॉलिड आहे!" हे कौतुक होतं की वर्णन, कळायला मार्ग नव्हता.

हंसबाप एकदाचा बाजूला झाला, तेव्हा डबा बंद होऊन परत आला. पिसासारखा हलका. अनीशने उघडून पाहिलं नाही. त्याची छातीच झाली नाही. मावशी कायमच्या निघाल्यात आणि आपण त्यांच्या आईचा डबा त्यांना रिकामा देणार. पण बारा वाजत आले होते, आणि आता थांबलो तर रिकामा डबासुद्धा पोचणार नव्हता. त्याने मान खाली घातली आणि पॅडल हाणलं. पुढची वाट बारीक खडीची होती. शंभर रोडबाइका त्यावर दात खात चालल्यासारख्या वाजत होत्या आणि मागे कुणीतरी गाणं सुरू केलं होतं.

ईडन प्रेरीतल्या मावशींच्या बंद गल्लीत ट्रक सुरू होऊन उभा होता. गुरुनाथकाका ड्राइव्हरला हात करत होते. आधी पोपटी जाकीट आलं, मग सायकली, आणखी सायकली, शेवटी कुत्रा. ट्रकला निघायला जागाच उरली नाही.

मावशींनी डब्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी माणसांकडे पाहिलं.

"जेवलेत का हे?"

"मावशी, मी यांना आणलेलं नाही, हे माझ्या मागून..."

"एवढी माणसं दारात उभी, आणि माझं स्वयंपाकघर ट्रकमध्ये!" मावशी ट्रककडे वळल्या. "अहो, त्याला म्हणावं इंजिन बंद कर. किचनची खोकी उतरवा."

"शुभा, बारा..." काका म्हणाले.

"घड्याळसुद्धा खोक्यातच आहे."

खोकी उतरली. अर्ध्या तासात अंगणात पोह्यांची कढई चढली. डेल कांदे चिरत रडत होता, ट्रकचा ड्राइव्हर कोथिंबीर निवडत होता. मग मावशी बश्या घेऊन निघाल्या आणि खरा सामना सुरू झाला.

"आणखी घ्या."

"नको, पोट भरलं," इंग्रिडबाई म्हणाल्या.

"एवढ्याने?"

"खरंच नको."

"माझ्यासाठी."

"बरं, अगदी थोडे."

मावशींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी, नेमकं जायच्या दिवशी, त्यांना आपली माणसं सापडली होती.

सगळ्यांचं झालं तेव्हा अनीशने डबा पुढे केला. "मावशी, मी भरला होता. खरंच. पण वाटेत..."

मावशींनी झाकण उघडलं. तळाला, बरोब्बर मधोमध, नखाएवढा शिरा होता. त्यात एक बेदाणा. बेदाणाही अर्धा.

"शेवटचा तुकडा कोण घेणार?" इंग्रिडबाई संकोचून म्हणाल्या. "आमच्या मिनेसोटात घेत नाहीत. जो येतो तो त्याचा अर्धाच कापून घेतो. मग पुढचा उरलेल्याचा अर्धा."

मावशींनी तो कण तोंडात टाकला. अंगणात शंभर माणसं श्वास रोखून उभी.

"रवा जास्त भाजलास."

"हो."

"वेलची?"

"विसरलो."

"पण रिकामा नाही आणलास." एवढं म्हणून त्या डबा घेऊन आत गेल्या.

खोकी परत चढली. काका गाडीत बसले. मावशी बाहेर आल्या आणि त्यांनी डबा अनीशच्या हातात ठेवला. जड होता. कढईत उरलेले पोहे, वर लिंबाची फोड.

"मावशी, हा तर तुमचा..."

"मग आणून दे. अल्फारेटाला. रिकामा नको. शिराही नको."

"पण आतले ते तिघं? खुळखुळतील ना जॉर्जियापर्यंत."

"खुळखुळू देत मेले," मावशी म्हणाल्या. "मी फोन करीन. काय जेवलास ते खरं सांगायचं." आणि गाडीत बसताना त्यांना त्याची पाठ दिसली. "हे काय लिहिलंयस रे गाढवा?"

गाडी गेली, मागून ट्रक गेला. सगळ्यांनी हेल्मेटं चढवली.

"पुढचा थांबा कुठला?" इंग्रिडबाईंनी विचारलं.

"अल्फारेटा," अनीश म्हणाला. खरं सांगायचं असं नुकतंच ठरलं होतं.

"लांब आहे का?"

"जरासं."

"नदीच्या कडेने जायचं ना?" डेल म्हणाला. "मग चालेल."

अनीशने डबा कॅरिअरला घट्ट बांधला आणि निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याचे डोळे चुरचुरले. कांद्याने असतील. डोळे पुसायला त्याने हात वर केला, आणि मागे शंभर सायकली आणि एक कुत्रा जागच्या जागी थांबले.