टेबलाच्या खणातली पितळी नखी

साहेब, तुम्ही चोरी केली आहे. शब्द मोठा वाटतो? मग छोटा शोधून द्या. एका मुलीच्या बोटांतून तीन नख्या उतरवून घेतल्या, टेबलाच्या खणात टाकल्या, आणि दोन वर्षं झाली तरी परत दिल्या नाहीत. याला दुसरं काय म्हणतात?

मित्रांनो, मी त्या तिघींतली मधली. मी एक जुनी पितळी नखी आहे. गिटारच्या तारा छेडताना बोटावर चढवतात, ती. भंडाऱ्यात एका झिजलेल्या पितळी गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, काठातून माझा जन्म झाला. त्या गंजात वीस वर्षं भात शिजला होता. मला त्याची लाज नाही.

ज्या मुलीसाठी मी जन्मले ती तृप्ती. तिचे मामा भूपेंद्र लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांची जुनी गिटार तिला मिळाली. अंगठा आणि तीन बोटं वेगवेगळी चालवून ती सूर आणि ठेका एकदम काढायची. त्याला नखं लागतात. आणि तृप्ती तर आई धुरपताबाईबरोबर दर पावसाळ्यात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायची. दिवसभर बांधीतल्या चिखलात धानाचे परहे, म्हणजे रोपं, खोचायचे म्हणजे नखं मऊ पडणार, तुटणार. आषाढात गेलेलं नख दिवाळीपर्यंत धड येत नाही.

तिने प्लास्टिकच्या नख्या मागवून पाहिल्या. घामाने निसटून त्या गिटारच्या पोटात पडायच्या, मग गिटार उलटी करून हलवत बसायचं. पोलादी मागवल्या, त्या सैल. चिमट्याने आवळल्या तर बोट निळं पडलं. शेवटी ती जागेश्वरबाबांकडे गेली. ते पितळेची भांडी घडवणारे म्हातारे कारागीर.

बाबांनी मला कातरीने कापलं, ठोकलं, कानशीने घासलं आणि तिच्या नखावर टोपीसारखं बसवलं. तार काही केल्या लागेना.

"बाबा, उलटं झालं. पात नखावर नाई, बोटाच्या पोटाखाली पायजे."

"मंग आधी सांगाले काय झालं होतं? मी तं नख करून राहिलो होतो!" बाबा हसले आणि मला पुन्हा भट्टीत घातलं.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर बसले. बाबांनी आतून कल्हईसुद्धा केली.

"नखीले कायले कल्हई, बाबा?"

"पितळ आहे पोरी, घामानं कळकते. बोट हिरवं पडन तुयं."

मग भांड्यावर घालतात तसं नाव घातलं. ठिपक्या-ठिपक्यांनी, पाठीवर: तृप्ती. त्या दिवशी तिने वाजवलं तेव्हा शेजारी ठोकणारे दोन कारागीर हातोडी धरून तसेच बसून राहिले. माझ्या आयुष्यात एवढंच कौतुक झालं.

मग तुमच्या संगीत संस्थेची निवडचाचणी आली, साहेब. जो निवडला जाईल त्याला वर्षभर नागपुरात शिकायला मिळणार होतं. तृप्तीच्या आधीच्या मुलाने तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी चिमटीत धरून वाजवलं. तुम्ही मान डोलावली. तृप्ती बसली आणि तुम्ही विचारलं, "हे काय? भांड्याचे तुकडे?"

"नख्या आहेत सर. रोवणीत नखं राहत नाईत."

"मग रोवणीच कर ना! बाहेरची साधनं चालत नाहीत. काढ."

तिने काढल्या. नखं नसलेल्या बोटांनी वाजवलं. तो आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. तुम्ही कागदावर फुली मारली आणि आम्हाला खणात लोटलं. "ऑफिसातून घेऊन जा," म्हणालात, आणि टेबल आमच्यासकट ऑफिसात परत गेलं.

ती तीनदा आली. मी खणातून ऐकलं. दोनदा तुम्ही मीटिंगमध्ये होता. तिसऱ्यांदा तुम्ही समोर बसला होता आणि धुरपताबाई तिच्यासोबत होत्या. "साहेब, जागेश्वरबाबाले आता दिसत नाई. दुसरा कोन बनवून देईन? देऊन टाका ना."

तुम्ही म्हणालात, "इथे असलं काही नाही."

आणि बोलता बोलताच खण उघडून तुम्ही पेन काढलं. तुमचं बोट माझ्या पाठीवरून गेलं.

आता माझ्यावर काळपट थर चढलाय. तिकडे तिसरी रोवणी सुरू झाली असेल. मित्रांनो, वस्तू जपा असं मी नुसतं सांगणार नाही. वस्तू कुणाच्या हातातली आहे ते आधी बघा. ती हिसकावली की हात रिकामा होतो.

आणि साहेब, तुमच्यासाठी दोनच प्रश्न. प्लास्टिकच्या पट्टीला जो नियम लागला नाही, तो मला का लागला? आणि माझ्या पाठीवरचं नाव तुम्हाला वाचता येतं की नाही? उत्तर द्या. मला नको, तिला द्या. तिच्या दारात जाऊन.