बिनसाखरेचा उमेदवार

रखमाजी दूध संस्थेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मुक्ताबाईची झोप उडाली. मतांचं तिला काही पडलं नव्हतं. नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, ती काळजी. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "चहा खुशाल प्या, पण बिनसाखरेचा. पंधरा दिवसांत साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

आणि प्रचार म्हणजे काय? घरोघरी चहा! कवठे येमाईत उमेदवाराच्या कपात साखर अंमळ जास्तच पडते, तो मान असतो. कप परत केला की मत गेलंच म्हणून समजा.

मुक्ताबाईने पदर खोचला. रखमाजी ओट्यावर टेकायचा आणि ही बया थेट गॅसपाशी! "वैनी, साखर टाकायच्या आधी यांचा कप गाळा." पहिल्या दिवशी रखमाजी लाजला, दुसऱ्या दिवशी चिडला. आठव्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाला, "आता गोड चहा नकोच वाटतो गं." मुक्ताबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

शेवटचं घर पोपटराव आबांचं. भावकी धरून नऊ मतं. आबांनी स्वतः दोन चमचे साखर जादा घालून कप पुढे केला. नऊ मतांपुढे रखमाजी विरघळला, त्याने कप उचलला. मुक्ताबाईने तो हातातून काढून घेतला आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला.

"राग मानू नका, आबा. यांचा अंगठा जायाचा हाय."

"बायकोच्या धाकातला गडी संस्था काय चालवणार?" आबा कडाडले.

रखमाजी सात मतांनी पडला. तोंड पाडून तो घरी आला, तेवढ्यात कालच्या रक्ततपासणीचा लॅबचा मेसेज वाजला. तीनशे दहाची साखर एकशे अठ्ठावीसवर! मुक्ताबाईने लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काल पाहिली ना मी, जखमही भरतेय. अंगठा वाचला."

मुक्ताबाई किंचाळलीच. पोरांनी विजयासाठी आणलेला गुलाल ओट्यावर तसाच पडला होता. तिने मूठभर उचलून नवऱ्याच्या डोक्यावर उधळला. आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. आबाही आले.

"मुक्ते, येड लागलं का? पडलाय त्यो!"

"पडू द्या, आबा! दोन्ही अंगठ्यांवर चालत घरी आलाय!"