जाताना सांगून जा

"इंदुताई, पालक सभेचा विषय काय टाकू? मोबाईलचे दुष्परिणाम?" सुपरवायझर मॅडम फोनवर विचारत होत्या.

इंदुताईंना हसूच आलं. आठवड्यात निम्मं गाव मिरची तोडायला तेलंगणात जाणार. मग होळीपर्यंत या लेकरांची आई म्हणजे आजीच्या हातातला मोबाईलच. त्याचे कसले डोंबलाचे दुष्परिणाम!

"उद्या सांगते, मॅडम."

अंगणवाडीत खिचडी खाऊन सगळी पोरं झोपली होती. एकटी दिव्यानी भिंतीला टेकून जागी. मागच्या साली ती झोपेत असतानाच मायबाप टेम्पोत बसले होते. सावली तालुक्यातल्या या गावांत रीतच तशी. लेकरू रडेल, पाय निघणार नाही, म्हणून पहाटे गुपचूप निघायचं. उठल्यावर आजीनं सांगायचं, माय बाजारात गेली. यंदा घरी बोचकी बांधायला लागले आणि पोरीनं झोप सोडली.

इंदुताईंना ते बघवत नव्हतं. दिवाळीला पुण्याहून त्यांचा मुलगा धनराज बायको-पोरासह आला होता. चौथ्या दिवशी त्या उठल्या, सगळ्यांचा चहा ठेवला, आणि बघतात तर अंथरुणं घडी घातलेली. मोबाईलवर दोन ओळी, 'आई, झोपमोड नको म्हणून उठवलं नाही.' साठीला टेकलेल्या बाईला एवढ्यानं रडू यावं? आलं, पातेल्यातला चहा आटेपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय कळवला, 'जाताना लेकराला सांगून जा.'

सभेत दिव्यानीची आई रीना म्हणाली, "सांगतलं तं पाय धरन थे. मंग माया पाय निंगन का, बाई?"

"धरू दे. रडू दे. पन तू गेली हे तिले दिसलं पायजे. नाई तं घरभर शोधत फिरते लेकरू."

"तुमाले काय टेन्शन? तुमचा धनराज तं मोठा झाला."

"मोठा झाला, म्हनूनच सांगून राह्यली."



निघायच्या सकाळी टेम्पो उभा होता. रीना दिव्यानीला कडेवर घेऊन आली. "मी मिरची तोडाले चालली, बाबू. होळीले येतो." पोरीनं असा टाहो फोडला की ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवायचं थांबवलं. पदराला घट्ट धरलेली तिची बोटं इंदुताईंनीच सोडवली. टेम्पो वळणाआड गेला तरी ती रडतच होती.

"फुकट रडवलं लेकराले," आजी, अंजनाबाई, पुटपुटली.

दुपारी दिव्यानीनं दोन घास खाल्ले, इंदुताईंच्या मांडीवर डोकं टेकलं आणि गाढ झोपली. बाकीची पोरं घरी गेली. इंदुताईंच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्या हलल्या नाहीत. घरी वाट पाहणारं कोण होतं?

अंजनाबाई न्यायला आली. पोरीला झोपलेली बघून जरा वेळ दारातच थांबली. मग हळूच म्हणाली, "तुमी जा, बाई. मी बसतो हिच्याजवळ."

"उठू दे तिले," इंदुताई म्हणाल्या. "सांगून जातो."