जमिनीलगतच्या पट्ट्या

नवरा गुडघ्यांवर बसून भिंतीच्या तळाशी पट्टी चिकटवत होता आणि सासूबाई पाय वर घेऊन सोफ्यावरून बघत होत्या.

"घराचं पार जहाज करून टाकलंस. आता भोंगा तेवढा आण," त्या म्हणाल्या.

तो हसला नाही. तो कामाला होता त्या जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली आणि तो घरी आला, तेव्हापासून कशालाच हसत नव्हता. रडतही नव्हता. ताट समोर ठेवलं की जेवायचा, उचललं की उठायचा. एकदा कडाकडा भांडला असता तरी बरं, असं बायकोला वाटे.

पट्ट्या जहाजावर असतात तशाच होत्या, अंधारात चमकणाऱ्या. धूर वर चढतो, म्हणून माणसाने खालून सरपटायचं, पट्टी बघत दार गाठायचं. पुढच्याचा घोटा मागच्याने सोडायचा नाही. हे तो मुलीला पुन्हा पुन्हा समजवायचा, अगदी सपाट आवाजात. त्या दिवशी तो असाच बाहेर आला होता. मागे असलेला त्याचा जोडीदार आला नव्हता. याहून जास्त तो बोलला नाही आणि बायकोनेही खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी वीज गेली. पट्ट्या हिरव्या उजळल्या. एक मुलीच्या खाटेपासून निघालेली, एक सासूबाईंच्या, एक बायको झोपायची त्या पलंगाच्या बाजूने. सगळ्या दाराशी जाऊन मिळत होत्या. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे तो बसला होता, तिथे मिट्ट काळोख होता.

"अहो, तुमची राहिली."

"मला नको. मी सगळ्यांत शेवटी येईन."

"शेवटी का म्हणून?"

"घोट्यावरचा हात सुटला की पुढच्याला कळतं," तो म्हणाला. "मला कळलं होतं. तरी मी पुढे गेलो."

समजुतीच्या गोष्टी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पोतंभर सांगून झाल्या होत्या. तिने चाचपडत उरलेली पट्टी शोधली, त्याच्या मांडीवर ठेवली, फरशीवर पालथी झाली आणि त्याचा घोटा मुठीत धरला.

"पुढे तुम्ही. मी सोडत नाही."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "मेणबत्ती सापडली का गं?"

घोटा गार होता. फरशीही गार होती. बऱ्याच वेळाने तिला वरून पट्टीचा कागद सोलल्याचा आवाज आला.