चौतीस मिनिटं शिल्लक

१६ मार्च १९३८, बुधवार. मुक्काम धारवाड. पहाटे गारठा, नऊनंतर कोरडं ऊन. वारा नाही. आभाळात एकही ढग नाही.

मी मारुतीराव चौगुले मास्तरांच्या कोटातलं घड्याळ. आत्ता कोटात नाही. मॅट्रिकच्या परीक्षेला आलेल्या पोरांच्या हॉलमध्ये, डावीकडच्या रांगेतल्या पाचव्या बाकावर, दौतीशेजारी उताणा पडलो आहे. अकराला पाच मिनिटं कमी आहेत. पेपर गणिताचा. माझा मालक एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि भोवतालची पोरं सतरा-अठराची. परवा पहिल्या दिवशी दारात निम्म्यांनी त्याला पहारा करणारा मास्तर समजून नमस्कार केला, आणि त्याने तो घेतला.

लोक त्याला अहो-जाहो करतात. मी करणार नाही. सतरा वर्षं मी त्याला उघड्या तोंडाने झोपलेला पाहिलं आहे.

माझा जन्म स्वित्झर्लंडातला. तिथून मुंबई, मुंबईहून बेळगाव, खडेबाजारातल्या एका दुकानाची काच. १९२१ साली मला शहापुरातल्या काही बापांनी मिळून विकत घेतलं आणि मारुतीरावला भेट दिलं. त्याच्या क्लासची पहिली तुकडी त्या वर्षी परीक्षेला बसली होती. सात पोरांपैकी पाच पास झाली. बापांनी हार घातला, पेढे वाटले, मला त्याच्या तळहातावर ठेवलं. एक म्हातारा म्हणाला, तुमच्यासारखा शिकलेला माणूस गावात आहे हे आमचं भाग्य. मारुतीराव खाली बघत राहिला. मला वाटलं, विनय.

विनय नव्हता. घरी गेल्यावर त्याची बायको शालूबाई मला उलटसुलट करून बघत म्हणाली, "चांगलं हाय. त्यास्नी कळलं तर परत मागतील काय वं?"

तेव्हा मला समजलं. माझा मालक मॅट्रिक नव्हता. १९१६, १९१७ आणि १९१८ अशी तीन सालं ओळीने तो नापास झाला होता, तिन्ही वेळा गणितात. दारावरच्या पाटीवर एवढंच होतं : 'मारुतीराव चौगुले, मॅट्रिक क्लास'. शिकवणारा मॅट्रिक आहे असं पाटी म्हणत नव्हती. वाचणारे आपणहून म्हणत होते. माणसांना फसवायला फार कष्ट पडत नाहीत, जागा मोकळी सोडली की ती स्वतः भरतात.

नापास होण्याचं त्याचं कारण ठरलेलं होतं. "वेळ पुरला नाही." गणित येत होतं, वेळ पुरला नाही. हे वाक्य मी शालूबाईच्या पुढ्यात, आरशापुढे आणि एकदा तापात ऐकलं आहे. एकाच वाक्यावर इतकी वर्षं काढणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

त्यातूनच त्याची शिकवण्याची रीत निघाली. क्लास शहापुरात तंबाखूच्या वखारीवरच्या माडीवर भरे. रविवारी सराव परीक्षा. मला टेबलावर उभं करायचा, पोरं माना खाली घालून लिहायला लागली की हळूच माझी किल्ली वर ओढायचा आणि काटे दहा मिनिटं पुढे सरकवायचा. दर तासाला दहा मिनिटं. तीन तासांचा पेपर अडीच तासांत संपे. पोरं घामाघूम होऊन शेवटची ओळ ओढत, आणि ती गेल्यावर तो मला बाजारातल्या घड्याळाशी जुळवून पुन्हा खरं करी. सतरा वर्षं मी दर रविवारी खोटं बोललो. माझा त्यात दोष नाही. काटे माझे, बोट त्याचं.

पोरं फायद्यात राहिली हे मी नाकारत नाही. हॉलमध्ये त्यांना अर्धा तास जास्त मिळाल्यासारखा वाटे. पण पोरांबद्दलही मला आदर नाही. कपिलेश्वराला नारळ बोलणारी, लिहायच्या टाकाला हळदकुंकू लावणारी, प्रमेय पाठ करून आकृतीतली अक्षरं बदलली की रडणारी ही जात. तिच्यातला सर्वांत ठोंब्या बेळगुंदीचा भरमू. दोनदा नापास झालेला, एकवीस वर्षांचा, हात नांगराच्या मुठीसारखे. हा मोट हाकताना भूमिती पाठ करी. प्रमेय सिद्ध झालं की मोठ्याने "क्यू. ई. डी." म्हणे आणि बैल मागे फिरवी. काही महिन्यांनी असं झालं की "क्यू. ई. डी." ऐकल्याशिवाय बैल फिरेनात. त्याचा धाकटा भाऊ मोटेवर गेला तर बैल उतारावर उभेच. हे त्यानेच क्लासात सांगितलं, तक्रार म्हणून. बैलांना भूमितीची शिस्त कळली होती. भरमूला ती कळल्याचं लक्षण नव्हतं.

तरी माझी लबाडी पकडली ती त्यानेच. एका रविवारी त्याने मान वर केली आणि दाराकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुमचं घड्याळ लई पळतंय. उन्हाची तिरीप अजून उंबऱ्याला आली न्हाय."

"पेपर उन्हावर लिहिणार आहेस काय रं?" मारुतीराव म्हणाला. पोरं हसली. भरमूने मान खाली घातली. पण त्यानंतर तो माझ्याकडे कधी बघेना, दाराकडेच बघे.

मारुतीरावची दुसरी एक सवय सांगायची राहिली. पेपर तपासायला बसला की त्याला चूक सापडलीच पाहिजे. निळी पेन्सिल घेऊन बसे. बरोबर गणित आलं की त्याचा चेहरा पडे. पुन्हा वरून बघे, पायरी पायरी कुरतडे. सापडली की सुस्कारा सोडी. नाही सापडली तर "कशावरून?" असं समासात लिही. मी त्याला एकदाही "शाब्बास" लिहिताना पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर निपाणीहून कुंथुनाथ आप्पा आले. तंबाखूचे व्यापारी. त्यांचे दोन पुतणे या क्लासातून पास झालेले. निपाणीत काही व्यापारी मिळून नवं हायस्कूल काढणार होते, जूनपासून. आप्पा माडीवर चढताना धापा टाकत होते, बसल्यावर त्यांनी आधी कन्नडमध्ये गडीमाणसाला काही सांगितलं, मग मराठीत मारुतीरावला. गणिताचा मास्तर म्हणून त्यांना हाच हवा होता. कायमची नोकरी, राहायला घर.

"मास्तर, एक कागद तेवढा लागतोय," आप्पा म्हणाले. "तुमचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. इन्स्पेक्टर बघतोय म्हणं. शाळा उघडायच्या आत पाठवा, न्हायतर ते दुसऱ्याला घेतील."

मारुतीराव म्हणाला, "घरात कुठंतरी असेल, शोधतो."

क्लास तेव्हा विझत चालला होता. शहरात दोन बी. ए. लोकांनी क्लास काढले होते आणि माडीवर पोरं अकराच उरली होती. आप्पा गेल्यावर तो जिन्यात बसून राहिला. शालूबाई वर आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मग बसा की परीक्षेला," ती म्हणाली.

"या वयात?"

"दुसऱ्याच्या दोनशे पोरास्नी बसवलासा. तुम्हाला बाक चावतंय व्हय?"

म्हणून त्याने खासगी उमेदवार म्हणून फॉर्म भरला. केंद्र बेळगाव नको, सगळे ओळखतात. निपाणीच्या बाजूचे लोक कोल्हापूरला जातात, तेही नको. धारवाड बरं, तिथं मराठी माणूस थोडा, आपल्याला कोण ओळखणार. क्लासात सांगितलं, मेहुणीच्या घरी लग्न आहे. अभ्यास मात्र खराच केला. पहाटे चारला उठून तीच गणितं, जी तो सतरा वर्षं शिकवत होता. एकही अडली नाही. मी साक्षीदार आहे.

सोमवारी तो धारवाडच्या हॉलच्या दारात परीक्षेच्या नंबराची चिठ्ठी हातात धरून उभा होता, आणि समोरून भरमू आला. तोही लपायलाच धारवाडला आला होता. तिसऱ्यांदा नापास होताना बेळगावच्या लोकांनी बघू नये म्हणून.

"मास्तर, पहाऱ्याला आलासा व्हय?" त्याचा चेहरा फुलला. मग त्याची नजर चिठ्ठीवर गेली. मारुतीरावच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता हा गाढव हसणार. पण तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "मी कुणाला सांगत न्हाय. तुम्ही बी माझं सांगू नगासा."

दोन दिवसांत इंग्रजी, मराठी, इतिहास-भूगोल झाले. मारुतीरावने हसतखेळत लिहिले. आज गणित.

घंटा झाली.

दहा गणितं, प्रत्येकाला दहा गुण. त्याने कागद एकदा वाचला आणि मान डोलावली. सगळी ओळखीची. पहिलं पंधरा मिनिटांत, दुसरं अकरा मिनिटांत. त्याचा टाक थांबत नव्हता. बारा वाजता सवयीने त्याचा अंगठा माझ्या किल्लीवर आला, तिथेच थांबला आणि मागे गेला. सतरा वर्षांत पहिल्यांदा गणिताच्या पेपरात मला खरं चालू दिलं गेलं. एक वाजून सव्वीस मिनिटांनी त्याने दहाव्या गणिताखाली रेघ ओढली. चौतीस मिनिटं शिल्लक. मी पुन्हा सांगतो, चौतीस. ज्या वेळेच्या नावाने तो वीस वर्षं रडला ती त्याच्या पुढ्यात पडली होती.

हात बांधून बसला असता तरी चाललं असतं. पण कागद पुढ्यात होता आणि मारुतीराव तपासायला लागला.

पहिल्या गणितात त्याला खरंच एक चूक सापडली. वजाच्या जागी अधिक. ती त्याने सुधारली आणि सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला ठाऊक होता. पहिल्यात चूक आहे म्हणजे दुसऱ्यात असणारच. दुसरं बरोबर होतं. त्याने ते पुन्हा वरून पाहिलं. इतकं सोपं परीक्षेत कशाला देतील? कशावरून? त्याने त्यावर तिरकी रेघ मारली, दुसऱ्या रीतीने मांडायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं, कारण तिसरं बोलावत होतं. तिसऱ्यावर रेघ. पाचव्यावर रेघ. त्याची बोटं निळी पेन्सिल धरल्यासारखी वळली होती. कुणा उनाड पोराचा पेपर तपासावा तसा तो आपला पेपर तपासत होता आणि त्या पोराची त्याला दया येत नव्हती. सहावं, सातवं, आठवं, नववं. रेघ मारायला दोन सेकंद लागतात. गणित पुन्हा मांडायला दहा मिनिटं. एवढी साधी वजाबाकी गणिताच्या मास्तराला करता आली नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा तो सातव्या गणिताची दुसरी पायरी लिहीत होता. पहाऱ्याच्या मास्तराने कागद हातातून ओढून घेतला.

पलीकडच्या रांगेत भरमूने दीड वाजताच टाक खाली ठेवला होता. शिकवल्याप्रमाणे अडीच तासांत त्याला येत होतं तेवढं संपलं होतं. उरलेला वेळ तो खिडकीबाहेरच्या झाडाची सावली बघत बसला. कागदाकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. आपलं लिहिलेलं चुकलं असेल अशी शंका यायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे नव्हती.

१८ मार्च, शुक्रवार. बेळगाव. सकाळी धुकं, दुपारी उकाडा. काल विज्ञानाचा पेपर देऊन मारुतीराव आज दुपारच्या गाडीने परत आला. शालूबाईने पाय धुवायला पाणी दिलं आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"गणिताला वेळ पुरला?"

"पुरला."

"मग तोंड का असलं?"

त्याने तांब्या पायावर रिकामा केला. "उरला बी," तो म्हणाला.

मला कोटातून काढून तिने फळीवर ठेवलं. तेव्हापासून रविवारी माडीवर मला नेत नाहीत. सराव परीक्षा तो माझ्याशिवाय घेतो. पोरांना किती वेळ देतो, मला माहीत नाही. किल्ली शालूबाई रोज सकाळी देते, तेवीस वळसे, कमी नाही जास्त नाही. या घरात नेमाने काही होत असेल तर तेवढंच.

११ जून, शनिवार. रात्रभर पाऊस, सकाळी उघडीप. गुणांचे कागद आले. भरमू आपला कागद दाखवायला बेळगुंदीहून चालत आला होता.

भरमू : गणित शंभरपैकी ३७. सर्व विषयांत उत्तीर्ण.

मारुतीराव चौगुले : इंग्रजी ५२, मराठी ६४, इतिहास-भूगोल ५८, विज्ञान ४९, गणित २९. पासाला ३५ लागतात. अनुत्तीर्ण.

निपाणीच्या जागेवर १३ जूनला दुसऱ्याची नेमणूक झाली.